मास मीडिया घेऊन पुढे काय?

बारावीनंतर मुलीने ‘मास मीडिया’ म्हटलं की घरात दोन प्रश्न ठरलेले. टीव्हीवर दिसणार का? आणि नोकरी लागेल का?

बहुतेक जण दिसत नाहीत. एका अँकरमागे निर्माता, व्हिडिओ एडिटर, खालची पट्टी लिहिणारा अशी फौज असते. शिवाय जाहिरात, जनसंपर्क, कंपन्यांची सोशल मीडिया खाती ही कामंही याच शिक्षणातून मिळतात. नोकरी लागते, पण नुसत्या पदवीवर नाही.

उमेदवाराची परीक्षा कशी घेतात पाहा. महापालिकेच्या प्रसिद्धिपत्रकासारखं एक पान हातात देतात आणि बातमी करायला सांगतात. पहिल्या परिच्छेदात नव्या जलवाहिनीचं उद्घाटन, शुभहस्ते कोण, उपस्थित कोण. अगदी शेवटच्या ओळीत, जोडणीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद. जी मुलगी ही ओळ उचलून मथळ्यात नेते आणि कोणते भाग कोरडे राहणार हे विचारायला वॉर्ड ऑफिसला फोन लावते, तिला हे काम कळलं. पत्रकाची बातमी आता यंत्रही पाडून देतं. पत्रकात नसलेलं विचारायला माणूसच लागतो.

मुंबई विद्यापीठाचा मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम, पूर्वीचा बीएमएम, आता बीएएमएमसी झाला आहे. जाहिरात की पत्रकारिता हे शेवटच्या वर्षी निवडायचं, ही त्याची जुनी रचना. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषय बदलताहेत, तेव्हा चालू वर्षाची यादीच मागून घ्या. जाहिरातीकडे ओढा असेल तर बारावीनंतर लगेच हा अभ्यासक्रम घ्यायला हरकत नाही. पत्रकारिताच करायची असेल, तर माझं मत वेगळं आहे: आधी अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान असा एखादा विषय नीट शिकावा. अर्थसंकल्प वाचता न येणारा बातमीदार प्रसिद्धिपत्रकावरच जगतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकायला कोणत्याही शाखेची पदवी घेऊन जाता येतं. 1965 साली दिल्लीत सुरू झालेल्या आयआयएमसी या पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थेचं अमरावतीलाही केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात.

कॉलेज बघायला गेलात तर चकचकीत स्टुडिओ दाखवतील. तो बघाच, पण विद्यार्थ्यांनी काढलेल्या प्रायोगिक वृत्तपत्राचे अंकही मागा. त्यात नुसते स्नेहसंमेलनाचे फोटो असतील तर काय ते समजा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष डेस्कवर किंवा एजन्सीत काम केलंय, हेही विचारा. संकोच कसला, फी तुम्ही भरणार आहात!

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. कामापुरतं इंग्रजी शिकावंच लागतं. पण मराठी वाहिन्यांना आणि जाहिरात एजन्सींना नेटकं मराठी लिहिणारी माणसं हवीच असतात, आणि तशी मुलं सहज सापडत नाहीत.

पैशाचं आधीच बोललेलं बरं. इंटर्नशिप पुष्कळदा बिनपगारी असते. पहिल्या नोकरीच्या पगारात मुंबईतलं खोलीभाडं आणि डबा भागवताना ओढाताण होते. घरापासून लांब राहायचं असेल तर त्या पहिल्या वर्षाची तरतूद फीच्या हिशेबातच धरा.