सजीव नट आणि मुद्रित प्रतिमा : एकपात्री प्रयोगातील पडद्याचे स्थान

एकपात्री प्रयोगातील नट एकटा असतो, हे विधान अर्धेच खरे आहे. त्याला सहनट नसतो; मात्र काळ त्याच्या हाती असतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’पासून लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’पर्यंतच्या परंपरेत हशा पिकला की नट थांबतो आणि तो ओसरू लागला की पुढचे वाक्य उचलतो. प्रेक्षागृह बदलले की प्रयोगाची लयही बदलते. अशा प्रयोगात पडदा आणि त्यावर आधीच मुद्रित केलेले चित्र आले, तर सर्वप्रथम बाधा येते ती नटाच्या या कालसत्तेला. म्हणूनच पडद्याचा प्रश्न केवळ नेपथ्याचा राहत नाही; तो नाट्यसंहितेचा होतो. तीन प्रयोगांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.

पहिला प्रयोग अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांचा. फेब्रुवारी १९१४मध्ये शिकागोच्या पॅलेस थिएटरात मॅके हाती चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहिले आणि पडद्यावरील ‘गर्टी’ या रेखाटलेल्या डायनासोरला आज्ञा देऊ लागले. गर्टी पाय उचले, रागावल्यावर रडे, मॅके यांनी फेकलेले फळ तोंडात झेले. अखेरीस मॅके पडद्याआड जात आणि त्याच क्षणी त्यांची रेखाटलेली आकृती गर्टीसोबत पडद्यावर दिसे. वरवर पाहता येथे प्रतिमा नटाची आज्ञा पाळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चित्रपट्टी कोणासाठी थांबत नाही. म्हणून मॅके यांनाच आपले बोलणे तिच्या गतीत बसवावे लागे. आज्ञा देणारा नटच प्रत्यक्षात आज्ञाधारक असतो आणि हे प्रेक्षकांना कळू न देणे हेच त्याचे कसब ठरते. त्याच वर्षी हा चित्रपट स्वतंत्रपणे दाखविण्यासाठी तयार झाला, तेव्हा मॅके यांच्या बोलण्याची जागा पडद्यावरील लिखित मजकुराने घेतली. सजीव नट वजा होताच संवादाचे केवळ निवेदन उरले.

दुसरा प्रयोग सॅम्युएल बेकेट यांच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’चा. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात १९५८मध्ये पॅट्रिक मॅगी यांनी तो प्रथम सादर केला. येथे पडदा नाही, ध्वनिफीत आहे. तथापि सजीव देह आणि मुद्रित ‘स्व’ यांची समोरासमोर गाठ येथे पडते. एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप एकोणचाळीसाव्या वर्षी मुद्रित केलेला आपलाच आवाज ऐकतो. यंत्राची कळ त्याच्या हाती आहे. तो फीत थांबवतो, पुढे सरकवतो, पुन्हा मागे नेतो. काळ त्याच्या ताब्यात आहे, पण उपयोग काय? फीत थांबविता येते, तिच्याकडून उत्तर मिळत नाही. मुद्रित ‘स्व’ सजीव ‘स्व’ला ओळखतच नाही.

तिसरा प्रयोग या दोहोंच्या पुढे जातो. ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले गिरीश कार्नाड यांचे ‘ओडकलु बिंब’ हे कन्नड नाटक २००५मध्ये बंगळूर येथे रंगभूमीवर आले. त्याच्या इंग्रजी रूपाचे शीर्षक एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’मधून घेतलेले आहे. मुंबईत मराठी रंगभूमीवरही काम केलेल्या अरुंधती नाग यांनी कन्नडमध्ये आणि पुढे ‘बिखरे बिंब’ या हिंदी रूपात ही भूमिका केली. मंजुला नायक ही कन्नड कथालेखिका इंग्रजी कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाली आहे. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत भाषण आटोपून ती निघते, तोच तिला दिसते की पडद्यावरील तिची प्रतिमा मावळलेली नाही. ती प्रतिमा बोलू लागते. तिच्या प्रश्नांतून अपंग बहीण मालिनी, पती प्रमोद आणि कादंबरीचे खरे कर्तृत्व यांविषयीचे सत्य थराथराने उघड होते. ज्या स्त्रीने दुसरीचे लेखन आपल्या नावावर केले, तिच्यासमोर तिचेच रूप घेतलेली प्रतिमा उभी राहते आणि शेवटी आपण मालिनी असल्याचा दावा करते. मूळ कोण आणि नक्कल कोण, हा कथानकातील प्रश्न येथे रंगमंचावर दृश्य होतो.

या आशयाला प्रयोगाचे तंत्र पोषक ठरते. प्रतिमा आधी मुद्रित करताना अभिनेत्रीला पुढे रंगमंचावर उच्चारावयाच्या वाक्यांसाठी मौनाच्या जागा सोडाव्या लागतात, आणि जेथे आपण उभ्या असू त्या दिशेला दृष्टी ठेवावी लागते. प्रयोगाच्या वेळी तिला नेमक्या त्या मौनातच बोलावे लागते. वाक्य विसरले तर सावरून घेणारा सहनट नाही. हशा लांबला तरी प्रतिमा थांबत नाही. मंजुलेला प्रतिमा आवरता येत नाही आणि अभिनेत्रीलाही येत नाही. पात्राची अगतिकता ही अशी नटाची प्रत्यक्ष अवस्था बनते. प्रकाशाचा विचारही येथे उद्बोधक आहे. प्रक्षेपित चित्राला अंधार हवा असतो, नटाला उजेड. शिवाय समोरून प्रक्षेपण केल्यास नटाची सावली चित्रावर पडते. कार्नाडांनी रंगसूचनेत स्वयंप्रकाशी मोठा पडदा कल्पिला आहे, त्यामुळे देह आणि प्रतिमा समान उजेडात एकमेकींसमोर येऊ शकतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पडदा काढून घेतल्यावरही जो एकपात्री प्रयोग अबाधित राहतो, त्यात पडदा हा केवळ अलंकार होय. प्रतिमेचा सजीव देहावर काही हक्क असेल, ती त्याला विरोध करीत असेल, तरच तिला पात्रत्व येते. दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयीचा आहे. छापील संहितेत शब्द असतात. चित्रफितीतील मौनांची लांबी त्यात नसते. अभिनेत्री किंवा भाषा बदलली की जुनी फीत निरुपयोगी होते आणि नवी मौने घडवावी लागतात. अशा नाटकाचा वाङ्मयीन अभ्यास करताना चित्रफीत ही दुसरी संहिता मानणे अपरिहार्य आहे. अन्यथा अभ्यासकाच्या हाती संवादाची केवळ एकच बाजू राहील.