समुद्राकाठी बिऱ्हाड करण्याआधी

चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड

चि. बापू यास,


मालवणला बिऱ्हाड हलवायचं तुम्हा दोघांच्या मनात आहे हे आधी भाऊंकडून कळलं, मग तूही फोनवर सांगितलंस. वडील म्हणून भाऊंना बेत पसंत नाही, आई म्हणून वहिनींना समुद्राचीच धास्ती वाटते, आणि तू मला विचारतो आहेस, कारण शिक्षणसेवक म्हणून लागल्यापासून आंतरजिल्हा बदली होऊन बीडला येईपर्यंतची माझी नोकरी त्याच तालुक्यात झाली. एवढं सगळं फोनवर बोलून होत नाही. शाळेला सुट्टी आहे, सरकी लावायला अजून पाऊस पडायचा आहे, म्हणून सवडीने लिहितो.

तू जाऊच नकोस असं मी म्हणणार नाही. त्या गावाने मला माया लावली आणि अजूनही तिथल्या माणसांचे गणपतीत फोन येतात. पण तू मोबाइलवर पाठवलेला हिशोब मी दोनदा वाचला आणि त्यात मला एक गोष्ट खटकली. पुण्यातल्या वाकडचं भाडं आणि मालवणचं भाडं, दोन्हीकडची शाळेची फी, पेट्रोल, बाहेरचं जेवण, सगळं तू समोरासमोर मांडलंस आणि प्रत्येक रकान्यात मालवणचा आकडा कमी आला. फक्त पगाराचा रकाना दोन्हीकडे सारखाच ठेवलास. पुण्याचा पगार मालवणात बसून मिळत राहील, हे तू धरून चालला आहेस. सगळा बेत त्या एका रकान्यावर उभा आहे.

मी शिक्षणसेवक होतो तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन होतं. तेवढ्या पैशात मालवण मला काही स्वस्त नव्हतं. आजही तिथे हॉटेलात वाढपी असलेल्या पोराला किंवा ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणाऱ्याला ते स्वस्त नाही. भाजीचा ट्रक आणि दुधाची गाडी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते, त्यामुळे भाजी आणि दूध पुण्यापेक्षा फार स्वस्त पडेल या भ्रमात राहू नकोस. मासळी ताजी मिळते, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि पापलेट-सुरमईला हॉटेलवाले भाव देतात तोच घरच्या गिऱ्हाइकालाही द्यावा लागतो. घरभाडं मात्र कमी आहे, ते मान्य. ते कमी का आहे, याचाही विचार कर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या दुष्काळी बीडची लोकसंख्या २१.६ लाखांवरून २५.८ लाखांवर गेली, आणि सिंधुदुर्गची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. रत्नागिरीचंही तसंच झालं. पाऊस आहे, समुद्र आहे, आंबा-काजू आहे, तरी माणूस तिथून उठून मुंबईला जातो, कारण कमाई तिथे नाही. माझ्या शाळेच्या वाटेवर ओळीने कुलूपबंद घरं होती. गणपतीला आणि आंगणेवाडीच्या जत्रेला ती उघडायची, चार दिवस दिवे लागायचे, पुन्हा कुलूप.

आपल्याकडची माणसं दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जातात. कोकणातली माणसं गिरणीत गेली. दोघंही जिथे मजुरी तिथे गेले. तू जिथे खर्च कमी तिथे निघाला आहेस आणि मजुरी सोबत घेऊन जातो आहेस. २०२० च्या टाळेबंदीनंतर हे शक्य झालं, पण कंपन्यांनी माणसांना पुन्हा ऑफिसात बोलावायला सुरुवात केली हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की पगाराचा रकाना कोरा ठेवून तो हिशोब पुन्हा मांड. तिथे राहून, तिथल्या माणसांच्या उपयोगी पडून, तिथेच काय मिळवता येईल ते त्यात लिही. तो आकडा घरखर्चाच्या निम्म्यापर्यंत जरी गेला तरी निर्धास्त जा.

आणि हा आकडा तुझ्या बाजूने येणार नाही, सूनबाईच्या बाजूने येईल असं मला वाटतं. तरुण माणसं मुंबईला गेल्यामुळे तिथे म्हातारी माणसं मागे राहिलेली आहेत. गुडघे धरलेले, लकवा मारून गेलेला, माडावरून किंवा आंब्यावरून पडून कंबर मोडलेला, असे कितीतरी जण मी वाड्यावाड्यांतून बघितले आहेत. ऑपरेशन कुठेतरी होऊन जायचं, पण पुढे व्यायाम करून घ्यायला जवळपास कुणी नसायचं. फिजिओथेरपी शिकलेली मुलगी तिथे घरोघर जायला तयार असेल तर तिला काम कमी पडणार नाही. तुमच्या बोलण्यात तिच्या कामाचा विषय दोन वाक्यांत आटोपला, तुझ्या इंटरनेटचा अर्धा तास चालला. मला विचारशील तर या बेतात भरवसा तिच्या शिक्षणाचाच आहे. गाव निवडताना तिला पुढे बसव.

आता पावसाचं. तू मालवण पाहिलंस ते नाताळच्या सुट्टीत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पडला तर आपण पेढे वाटतो. तिथे किनाऱ्यावर तीन हजारांच्या घरात पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जून लागायच्या आत पश्चिमेच्या पडवीला माडाची झापं बांधून घ्यावी लागतात, नाहीतर झड थेट माजघरात येते. जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटीचा गूल ओला होतो, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढते. शाळेत खडू इतके दमट व्हायचे की फळ्यावर अक्षर उमटायचं नाही; मी खडूची पेटी खिचडीच्या चुलीजवळ ठेवायचो. हजेरीपटाची पानं एकमेकांना चिकटायची. कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. समुद्राच्या जवळ घर असलं की खारा वारा खिडकीचे गज, गॅसची शेगडी, दुचाकीची साखळी सगळं खातो, तुझी कामाची यंत्रंही खाईल. सलग पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा आपल्यासारख्या उन्हातल्या माणसाचं मन फार खचतं. पहिल्या श्रावणात मला रात्री झोप लागेनाशी झाली होती. त्याच पावसात तिथली माणसं गुडघाभर चिखलात लावणी करत गात असतात, कारण त्यांचं शरीर त्यात घडलेलं आहे.

एवढं पाणी पडूनही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं वाहून समुद्राला मिळतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. घर बघायला जाशील तेव्हा मे महिन्यात विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघ.

वादळांचंही लक्षात घे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते मालवण-देवगडच्या किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे टॉवर बंद पडले. बागाईतदाराचं नुकसान त्यापुढे फार मोठं होतं, पण घरी बसून काम करणाऱ्यालाही अशा आठवड्यात हात बांधून बसावं लागतं. तुझा साहेब ते समजून घेणारा आहे का, हे आधीच विचारून ठेव.

भाऊ-वहिनींना पुढेमागे घेऊन जायचं म्हणतोस, म्हणून दवाखान्याचं सांगतो. सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पण जीवावरचं दुखणं आलं की तिथली माणसं पूर्वापार गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला धाव घेतात. भाऊंची शुगर आणि त्यांचं हृदय बघता मला मालवणपेक्षा वेंगुर्ला बरं वाटतं. गोवा जवळ, सावंतवाडी जवळ, मोपाचा विमानतळही हाकेवर. पर्यटकांची वर्दळ मालवण-तारकर्लीएवढी नाही. मालवणात खोली महिन्याने देण्यापेक्षा दिवसाने देणं मालकाला परवडतं, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीत जागा मोकळी करा म्हणणारे मालक भेटतील. तुझं मन स्कूबा आणि किल्ला बघून मालवणावर बसलं आहे. किल्ला वर्षातून किती वेळा बघशील?

तुमच्या चिऊच्या शाळेची चिंता करू नको. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो, आणि तिथल्या साध्या मराठी शाळांतून मी जी मुलं बघितली ती नीट वाचणारी, नीट बोलणारी होती. बारावीनंतर मात्र तिला बाहेर पाठवावं लागेल.

तिथल्या माणसांशी वागण्याचंही सांगतो. घाटावरून आलेल्याला ते लगेच घरात घेत नाहीत. पहिलं वर्ष मी घाटावरचा मास्तरच होतो. भजनाला जाऊन बसायला लागलो, कुणाच्या घरी गणपतीला माटवी बांधायला हात लावला, मयताला गेलो, तेव्हा हळूहळू नावाने हाक मारू लागले. गावऱ्हाटीत कुणाचा मान काय, देवळात कुणी कुठे उभं राहायचं, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्यात आपण मत देऊ नये. गोव्यात आसगाव-शिवोलीकडे टाळेबंदीनंतर मुंबई-दिल्लीचे पैसेवाले गेले आणि घरभाडी अशी चढली की तिथल्याच तरुणांना आपल्या गावात घर परवडेना. तो राग रास्त आहे. तू चार पैसे जास्त मोजू शकतोस म्हणून मागेल ते भाडं देऊ नको, शेजाऱ्याला विचारून गावचा भाव दे. तुझ्यामुळे पुढच्या गरजूला महाग पडेल असं काही करू नको.

तेव्हा असं कर. पुण्याचं घर सोडू नको, ऑफिसातून जेवढी सवलत मिळेल तेवढी घे, आणि येत्या जूनमध्येच वेंगुर्ल्याला चार महिन्यांसाठी भाड्याने राहा. पर्यटक नसतात, खोल्या रिकाम्या असतात, भाडं बेताचं मिळेल. तेवढ्यात सूनबाईने दोन-चार डॉक्टरांना भेटून घ्यावं. चिऊची शाळा तेवढ्यापुरती कशी सांभाळायची ते मी तिच्या बाईंशी बोलून बघतो. दसऱ्याला तिघंही हसत इकडे आलात तर मी स्वतः भाऊंची समजूत घालीन.

जागा घेण्याचं मात्र वर्षभर नाव काढू नको. तू पाठवलेल्या त्या जाहिरातीतला 'समुद्र दिसणारा' प्लॉट भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे ते त्यात लिहिलेलं नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांप्रमाणे विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई असते, त्यामुळे किनारा व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा बघितल्याशिवाय एक रुपया विसार देऊ नको. तिथला सातबाराही आपल्यासारखा दोन-तीन नावांचा नसतो. एका गुंठ्याच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद नाही. इतर हक्कात कुळ, कधी खाजगी वन, कधी आकारीपड असा शेरा. एक सामायिक हिस्सेदार सही करतो आणि दुसरा कोर्टात जातो. तीस वर्षांचे फेरफार काढून तिथल्याच वकिलाला दाखवायचे, एजंटाने नेमलेल्या नव्हे.

यातलंच शेवटचं, आणि हे तातडीचं आहे. शेतजमीन घ्यायची तर आपल्या राज्यात घेणारा शेतकरी असावा लागतो. तुझं शेतकरीपण चकलांब्याच्या सातबाऱ्यावरच्या नावाने सिद्ध होतं, दुसरा पुरावा तुझ्याकडे नाही. वाटणीच्या वेळी 'मला शेतीत रस नाही, धाकट्याच्या नावावर हक्कसोड करून देतो' असं तू भाऊंना म्हणालास. तुझं मन मोठं आहे, पण ती सही केलीस तर उद्या कोकणात काजूची दहा कलमं लावायला जमीन घेतानाही अडशील. पीक धाकट्याने खावं, नाव तुझं राहू दे. पुढच्या सोमवारी भाऊ गेवराईला दुय्यम निबंधकाकडे जायचं म्हणतात. मी त्यांच्याशी आज रात्री बोलतो, तूही उद्या सकाळी त्यांना फोन कर.

सूनबाईला आणि चिऊला आशीर्वाद.

तुझा,
तात्या