वाचनातून आकलनाकडे : प्राथमिक शाळेतील एक निर्णायक टप्पा

तिसरीच्या वर्गातील मुलगा उभा राहतो आणि खणखणीत आवाजात धडा वाचून दाखवितो. जोडाक्षरांवर तो अडखळत नाही, विरामचिन्हांवर थांबतो. वर्ग कौतुकाने ऐकतो. मग शिक्षक विचारतात, "गावकरी टेकडीवर का गेले?" मुलगा गप्प राहतो आणि थोड्या वेळाने तोच परिच्छेद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागतो. हे दृश्य कोणा एका शाळेचे नाही. अक्षरे ओळखणे आणि अर्थ कळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

पहिल्या तीन इयत्तांत मूल वाचावयास शिकते आणि चौथीपासून ते वाचून शिकू लागते. इतिहास, भूगोल, विज्ञान, इतकेच नव्हे तर गणितातील शाब्दिक उदाहरणेही त्याच्यापुढे मजकुराच्या रूपानेच येतात. हा टप्पा आकलनावाचून ओलांडला गेला, तर मूल वर्गात बसते पण शिक्षणातून बाहेर पडत जाते. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवले असून त्यासाठी २०२६-२७ या वर्षाची मर्यादा घातली आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान ६० शब्द वाचावेत, असे त्यात म्हटले आहे. परंतु 'अर्थ समजून' ही अट त्याला जोडलेली आहे. प्रत्यक्षात शब्द मोजणे सोपे असल्याने तेवढेच मोजले जाते आणि अट मागे पडते.

एक लिपी, अनेक घरभाषा

मुंबई-कर्जत लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आयुधनिर्माणी व इतर कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील कामगार स्थायिक झाले. बदलापुरात मुंबई परिसरातून येणाऱ्या कुटुंबांची भर पडत गेली. भोवतालच्या खेड्यांत ठाकर व कातकरी वाड्या आहेत. साहजिकच येथील वर्गात सिंधी, हिंदी, आगरी, कातकरी अशा वेगवेगळ्या बोली घरून घेऊन आलेली मुले शेजारी शेजारी बसलेली आढळतात.

येथे एक फसवी गोष्ट घडते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच. त्यामुळे हिंदी घरभाषेचे मूल मराठी धडा उच्चारून सहज वाचते आणि त्याला तो समजला असा शिक्षकांचा समज होतो. परंतु शब्द तेच असूनही अर्थ वेगळे असतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. अशा मुलाला शब्द अडत नाही, म्हणून ते विचारीतही नाही. चुकीचा अर्थ घेऊन ते पुढे जाते.

दोन घटकांचा गुणाकार

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाविषयी एक सोपी मांडणी केली. लिखित शब्द ओळखण्याची शक्ती आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. म्हणून अक्षरांवर अडणाऱ्या मुलाला अक्षरांचा सराव हवा आणि अर्थावर अडणाऱ्या मुलाला भाषेचा. दोघांनाही तोच धडा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावयास लावणे हा उपाय नव्हे.

एक नमुनापाठ

आकलनाचा सराव कसा घ्यावा, हे परिसरातीलच एका उताऱ्यावरून पाहता येईल. चौथीच्या वर्गासाठी पुढील मजकूर फळ्यावर लिहावा :

"अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. तेथील शिलालेखात शके ९८२ असा उल्लेख आहे. त्या काळी येथे शिलाहार राजांचे राज्य होते. मंदिर दगडी असून त्याच्या बाहेरील भिंतींवर दाट कोरीव काम आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनासाठी पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते."

वाचनापूर्वी पाच मिनिटे मंदिराविषयी मुलांना काय ठाऊक आहे ते बोलू द्यावे. नंतर मुलांनी उतारा मनातल्या मनात वाचावा आणि मग जोडीने एकमेकांस वाचून दाखवावा. त्यानंतर प्रश्न विचारावेत. ते पाच प्रकारचे असावेत.

पहिला, मजकुरात सरळ सापडणारा : मंदिर कोणत्या नदीच्या काठी आहे? बहुतेक वर्गांत प्रश्नांची मजल येथेच संपते. वाक्यातील एक शब्द उचलला की उत्तर मिळते. अर्थ न कळताही ते देता येते.

दुसरा, दोन गोष्टी जोडावयास लावणारा : शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, तर शिलालेख कोणत्या वर्षाचा? उत्तर १०६० येते आणि मंदिर साडेनऊशे वर्षांहून जुने आहे, हे मूल स्वतः शोधून काढते.

तिसरा, न लिहिलेले ओळखावयास लावणारा : गुडघे दुखणाऱ्या आजीला दर्शनास नेताना कोणती काळजी घ्याल? उताऱ्यात आजी नाही. परंतु पायऱ्या उतराव्या लागतात हे ज्याला समजले, तोच तिचा हात धरण्याचे सांगेल.

चौथा, शब्दाचा : 'दाट' आमटी, 'दाट' झाडी आणि 'दाट' कोरीव काम यांत सारखे काय? येथेच 'यात्रा' हा शब्दही घ्यावा. हिंदी बोलणाऱ्या मुलाला यात्रा म्हणजे प्रवास वाटतो आणि प्रवास कसा 'भरतो' हे त्याला उमगत नाही. त्याने आपला अर्थ सांगावा, इतरांनी जत्रेचे वर्णन करावे. दोन भाषांची तुलना झाली की शब्द पक्का होतो.

पाचवा, मत विचारणारा : अशा दगडी भिंतीवर काही जण आपली नावे कोरतात, ते योग्य आहे का? कारण मात्र उताऱ्याच्या आधारे दिले पाहिजे.

शेवटी उतारा झाकून प्रत्येकाने तो तीन वाक्यांत आपल्या शब्दांत सांगावा. संपूर्ण सरावात एक नियम पाळावा. प्रश्न विचारताना मजकूर समोर असावा आणि प्रत्येक उत्तराला "हे कोणत्या वाक्यावरून म्हणतोस?" असा पुढचा प्रश्न जोडावा. पाठांतराची परीक्षा आणि आकलनाची परीक्षा यांतील फरक या एका प्रश्नात आहे.

ज्या मुलाची बोली वेगळी आहे, त्याला प्रथम स्वतःच्या बोलीत उत्तर देण्याची मुभा असावी. अर्थ कळला आहे की नाही हे आधी तपासावे, ग्रंथातील मराठी रूप नंतर शिकवावे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या परिसरातील वस्तू आणि अनुभव यांतूनच शिक्षण घडविले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेल्या त्या कार्यातील हे तत्त्व वाचनालाही लागू पडते.

सूचनाफलकही पाठ्यपुस्तकच

उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना पुराचा अनुभव नवा नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीची आठवण येथे अजून ताजी आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांसाठी सूचना निघतात. "पात्रात कोणीही उतरू नये, नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी जावे, जनावरे बांधून ठेवू नयेत" अशी त्यांची भाषा असते. येथील अनेक घरांत मराठी वाचू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते. त्याने ही सूचना नुसती खड्या आवाजात वाचली आणि 'जावे' व 'जाऊ नये' यांतील भेद त्याला घरच्यांना सांगता आला नाही, तर त्या वाचनाचा उपयोग काय? म्हणून अशा सूचना, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर, रेल्वेचे वेळापत्रक व पाणीपट्टीचे देयक ही वाचनसाहित्य म्हणून वर्गात आणावीत. सूचना कोणासाठी आहे, प्रथम काय करावयाचे, काय टाळावयाचे, हे मुलांनी मजकुरातून शोधावे.

पडताळणी आणि लोकसहभाग

पडताळणीसाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. साठ-सत्तर शब्दांचा न वाचलेला उतारा आणि चार प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येक मुलासाठी एवढीच नोंद करावी : अक्षरांवर अडतो, अर्थावर अडतो, की दोहोंवर. अशी नोंद महिन्यातून एकदा झाली, तर कोणाला कोणता सराव द्यावयाचा हे शिक्षकांना नेमके कळेल. शाळाभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही मुलाला वाचावयास सांगून न थांबता "तू काय वाचलेस ते मला सांग" असे विचारावे. अधिकारी जे विचारतात, त्याचाच सराव शाळा घेते, हा सर्वांचा अनुभव आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. समितीच्या सभेत इमारत, पाणी व पोषण आहार यांबरोबर वाचनाच्या नोंदीचाही विषय असावा. ग्रामपंचायतीच्या वा पालिकेच्या वाचनालयात आठवड्यातील एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवता येईल. १९७१ पासून निघणाऱ्या बालभारतीच्या 'किशोर' मासिकासारखे वाचनीय साहित्य तेथे हाताशी असावे. ज्या पालकांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनाही एक गोष्ट निश्चित करता येते. मुलाने आज काय वाचले ते रोज रात्री त्याच्याकडून ऐकून घेणे. ऐकणारा अशिक्षित असला तरी सांगणाऱ्याला अर्थ जुळवावाच लागतो.

खणखणीत आवाजात वाचणारा तो मुलगा आळशी नाही आणि मंदही नाही. त्याला अक्षरांपर्यंत पोहोचविण्याचे काम शाळेने चोख केले आहे. गावकरी टेकडीवर का गेले, हे त्याला धड्यातून शोधून सांगता आले म्हणजे त्याचे वाचन पूर्ण झाले असे समजावे. तोपर्यंत शाळेचे काम अर्धेच झालेले असते.