‘देही’ आणि ‘वस्ती’ : योहान १:१४ मधील दोन ग्रीक शब्दांचे मराठी रूप

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील चौदावे वचन भाषांतरमीमांसेचा नमुना म्हणून वर्गात घेताना प्रस्तुत लेखकास दोन शब्दांपाशी नेहमी थांबावे लागते. प्रचलित मराठी बायबलात तेथे ‘देही’ आणि ‘वस्ती’ हे शब्द योजिले आहेत. दोन्ही आपल्या कानाला इतके परिचित आहेत, की त्यांच्यामागे मूळ ग्रीकमध्ये काय असावे, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

‘देही’च्या जागी मुळात ‘सार्क्स’ हे नाम आहे. त्याचा सरळ अर्थ मांस. शरीर या अर्थी ग्रीकमध्ये ‘सोमा’ हा शब्द होता आणि याच शुभवर्तमानात येशूच्या मृतदेहासाठी तो आलाही आहे. तेव्हा ‘सार्क्स’ची निवड सहेतुक मानावी लागते. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात मर्त्य मानवाला गवताची उपमा दिली आहे. तेथील हिब्रू ‘बासार’साठी प्राचीन ग्रीक भाषांतराने हाच शब्द घेतला आहे. नाशवंतपणा आणि दुबळेपणा या त्याच्या अर्थच्छटा होत.

‘देही’ची परंपरा मात्र निराळी आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘देही’ म्हणजे देह धारण करणारा, जीर्ण वस्त्राप्रमाणे तो टाकून देणारा आत्मा. त्या संस्काराने वाचणाऱ्यास शब्दाने देह पांघरला असे वाटेल. ग्रीक वाक्य तसे म्हणत नाही. ‘एगेनेतो’ म्हणजे ‘झाला’, तोही मांस झाला. ख्रिस्ताचे शरीर हा केवळ आभास होता, असे मानणारे मत आरंभीच्या ख्रिस्ती समाजात होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा भेद निव्वळ कोशगत राहत नाही. परंतु ‘मांस’ हा शब्द मराठीत प्रथम आहाराची आठवण करून देतो, ही भाषांतरकाराची अडचणही नाकारता येत नाही. मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणताना पंडिता रमाबाईंनी (निधन १९२२, प्रकाशन १९२४) सोप्या बोलीचा आग्रह धरला, त्यामागे परंपरेचे असे ओझे टाळण्याची दृष्टी होती.

‘वस्ती’विषयी आमचे मत अधिक अनुकूल आहे. मूळ क्रियापद ‘एस्केनोसेन’ हे ‘स्केने’ म्हणजे तंबू, पाल, यावरून आलेले आहे. ‘वस्ती’त तंबू हरवला, असा आक्षेप विद्यार्थी घेतात. पण मराठीत वस्ती म्हणजे रात्रीचा मुक्कामही; ‘वस्तीची गाडी’ पहाटे निघून जाते, हे खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. कसबा बावड्यात राजाराम कारखान्याच्या गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात, आणि त्यांनाही लोक वस्तीच म्हणतात. तात्पुरतेपणा या शब्दात आहेच.

हरवते ते दुसरेच. निर्गमातील ‘निवासमंडप’ ग्रीकमध्ये ‘स्केने’ आहे. रानात इस्राएलाबरोबर मुक्काम हलविणाऱ्या त्या मंडपाची आठवण ग्रीक वाचकास या क्रियापदातच होई. मराठीत एकीकडे ‘मंडप’, दुसरीकडे ‘वस्ती’, असा धागा तुटतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील तिसऱ्या वचनात मुळातील नाम व क्रियापद शेजारी आलेले आहेत. अभ्यासकाने योहानाचे वचन त्याच्याजवळ ठेवून वाचावे.