दुकानाचा डेटा बोलता करा: फॅक्ट आणि डायमेन्शनची सोपी ओळख

महिन्याची एकूण विक्री कुठलंही बिलिंग सॉफ्टवेअर दाखवतं. पण "गेल्या दिवाळीत नफा कशावर मिळाला आणि पैसा कुठल्या मालात अडकला?" असं विचारलं की गाडी अडते. यंदाची खरेदी मग अंदाजाने होते. आकडे असतात, मांडणी नसते.

या मांडणीचं नाव डायमेन्शनल मॉडेलिंग. राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या 'द डेटा वेअरहाऊस टूलकिट' या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. मोठ्या कंपन्या वापरतात, पण आपल्याला एक्सेलही पुरतं. पायऱ्या चारच, क्रम मात्र मोडू नका.

१. प्रक्रिया निवडा. आधी फक्त विक्री घ्या. खरेदी, उधारी नंतर.

२. ग्रेन ठरवा. म्हणजे शीटमधली एक ओळ नक्की कशाची? उत्तर: बिलातल्या एका वस्तूची. अख्खं ८४० रुपयांचं बिल एका ओळीत लिहिलंत, तर त्यात तांदूळ किती आणि साबण किती, हे नंतर सांगता येणार नाही.

३. डायमेन्शन लिहा. काय विकलं, कोणाला, कधी? माल, ग्राहक, तारीख यांच्या वेगळ्या शीट करा. प्रत्येक मालाला एकच कोड द्या, नाहीतर 'तूरडाळ' आणि 'तूर डाळ' दोन वस्तू होतात.

४. फॅक्ट भरा. मोजता येणारे आकडे: नग, विक्रीची रक्कम आणि त्या मालाची त्या वेळची खरेदी किंमत. भाव बदलतात, म्हणून किंमत विक्रीच्या ओळीतच हवी.

मध्ये फॅक्ट, भोवती डायमेन्शन. आकृती चांदणीसारखी दिसते, म्हणून हा स्टार स्कीमा.

तारखेची शीट कशाला? २०२३ ची दिवाळी नोव्हेंबरमध्ये होती, २०२५ ची ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केलीत तर धंदा वाढला असा भास होईल. तारखेपुढे 'दिवाळी', 'लग्नसराई', 'रविवार' असे रकाने ठेवा, मग सणाची तुलना सणाशी होईल.

एक सावधगिरी: विक्रीची बेरीज चालते, शिलकी मालाची नाही. सोमवारी ४० नग, मंगळवारी ३८, म्हणून ७८ होत नाहीत!

गृहपाठ: कालची २० बिलं घ्या, वस्तूनिहाय ओळी भरा आणि पिव्होट टेबल लावा. सगळ्यात जास्त खपणारा माल आणि सगळ्यात जास्त नफा देणारा माल एकच आहे का, ते कमेंटमध्ये सांगा.