थव्याने राहणारे मोठे मासे आणि घरातील काचपेटी

राहणीवरून गोड्या पाण्यातील माशांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. काही मासे एकेकटे राहतात, तर काही थवा करून. ऋषिकेशला भाविकांनी टाकलेल्या कणकेच्या गोळ्यांवर झेप घेणारे महाशीर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना थवा म्हणजे काय हे सांगावयास नको. थव्यातील प्रत्येक मासा शेजाऱ्याची चाल डोळ्यांनी टिपतोच; शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेषा नामक इंद्रियाने पाण्यातील सूक्ष्म हालचालीही ओळखतो. 1976 साली पिचर, पार्ट्रिज व वॉर्डल या संशोधकांनी एका सागरी जातीच्या माशांचे डोळे तात्पुरते झाकून पाहिले, तरीही ते थव्याबरोबर पोहू शकले.

थवा हे माशाचे संरक्षण होय. अनेक डोळे शत्रूला लवकर हेरतात, आणि एकाच भक्ष्यावर नजर स्थिर करणे शत्रूला अवघड जाते. यास्तव अशा जातीचा मासा एकटाच पेटीत ठेवल्यास तो सदैव भेदरलेला राहतो, कोपऱ्यात दडतो, किंवा एकाएकी उसळून काचेवर आदळतो. निदान पाच-सहा सोबती असावेत, असा नियम त्यामुळेच पडला आहे. मात्र मासा मोठा होणारा असेल तर हाच नियम पाळणाऱ्याला अडचणीत आणतो.

पंगास या माशाचे उदाहरण घेऊ. गंगेतील देशी पंगासाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील 1822 च्या आपल्या ग्रंथात केले आहे. बाजारात ‘शार्क’ या नावाने मिळणारी चंदेरी पिल्ले मात्र त्याच्या आग्नेय आशियातील भाऊबंदाची असतात. शार्कशी त्यांचे काही नाते नाही. तो मार्जारमीनांपैकी एक होय. विकत घेताना पिल्लू बोटाएवढे असते. पूर्ण वाढलेला मासा एक मीटरहून अधिक लांब होऊ शकतो.

वाराणसीतील एखाद्या गृहस्थाने चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटी घेतली, असे समजू. तीत नऊ घनफूट, म्हणजे सुमारे 255 लिटर पाणी मावेल. पण 60 सेंटिमीटरचा मासा 45 सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत नीट वळूही शकणार नाही. सहा माशांसाठी दहा फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल अशी पेटी करावी, तर नुसत्या पाण्याचेच वजन अडीच टन भरते. जुन्या गल्लीतील घराच्या माडीवर हा भार ठेवणे धोक्याचे आहे. ‘मासा भांड्याच्या मापाने वाढतो’ हा समज चुकीचा होय. अपुऱ्या जागेत वाढ खुंटते ती साचलेल्या मलद्रव्यांमुळे व ताणामुळे. तो आजार आहे, जुळवून घेणे नव्हे.

पाण्याचा विचार जागेइतकाच महत्त्वाचा आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. गाळणीतील एका गटाचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या गटाचे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. ही जीवाणूंची वसाहत तयार होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी भरताच सारे मासे सोडणाऱ्यांच्या पदरी म्हणून निराशा येते. अल्कधर्मी व उष्ण पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. वाराणसीत मे-जूनमध्ये तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर जाते. 20 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. आणि उष्म्याने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा दिवसांत वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर दाटीने ठेवलेले मासे काही तासांत दगावू शकतात.

पेटी अपुरी पडू लागली की मासा नदीत सोडून द्यावा, असा मोह होतो. गंगेकाठी तर ते पुण्यकर्मच वाटते. परंतु परक्या जातीच्या माशाला दिलेले हे जीवदान नदीला महाग पडू शकते. काचेवरील शेवाळ खातो म्हणून पाळला जाणारा, हाडांच्या कवचाचा ‘सकर’ मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. 2020 साली तो वाराणसीजवळ गंगेत सापडला, तेव्हा जाणकारांनी चिंता व्यक्त केली. हा मासा अंडी घालण्यासाठी काठात बिळे पोखरतो, देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो, आणि एकदा स्थिरावला की त्याला हटविणे जवळजवळ अशक्य असते. यास्तव नको झालेला मासा विक्रेत्याकडे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्यावा. नदीत, तळ्यात वा विहिरीत कदापि सोडू नये.

मग थव्याचे सौंदर्य घरी पाहूच नये काय? अवश्य पाहावे, पण मासा पेटीच्या मापाचा निवडावा. हॅमिल्टनच्या त्याच ग्रंथात वर्णिलेला झेब्रा मासा गंगेच्या खोऱ्यातलाच आहे. तो जेमतेम चार सेंटिमीटर वाढतो. दहा-बारा माशांचा थवा तीन फुटी पेटीत मोकळेपणाने राहतो. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे व दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. मोठ्या माशांचा थवा पाहावयाचा असेल, तर त्यासाठी नदी आहे. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत देवीच्या आश्रयाने महाशीर पिढ्यान्‌पिढ्या निर्भय पोहत आले आहेत. त्यांना काचेची गरज भासलेली नाही.