सुप्त विषाणू आणि पेशीविभाजनाचे नियंत्रण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्ण स्त्रीचे नातेवाईक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात : “काल-परवापर्यंत धडधाकट होत्या, मग हे अचानक कसे उद्भवले?” वस्तुतः ते अचानक उद्भवलेले नसते.

या रोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, आढळतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना सन २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. परंतु तो इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी त्याची बाधा होऊन जाते. त्यामुळे रुग्णेच्या किंवा तिच्या पतीच्या वर्तनाविषयी कुजबुज करण्यास यात काहीही आधार नाही, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करू इच्छितो. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला आवर घालते. थोड्या स्त्रियांमध्ये मात्र तो त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत वर्षानुवर्षे, कोणतेही लक्षण न दाखविता, मुक्काम करून राहतो.

हा विषाणू गरीब पाहुणा आहे. स्वतःच्या जनुकीय द्रव्याची नक्कल करण्याची सामग्री त्याच्यापाशी नसते. ती यजमान पेशीकडून, आणि तीही पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच, मिळते. वरच्या थरांकडे सरकणाऱ्या पेशी तर विभाजन थांबवितात. म्हणून विषाणू त्यांना बळेच कामास जुंपतो. ‘आरबी’ नावाचे प्रथिन पेशीचक्राचे दार बंद ठेवते. विषाणूचे ‘ई-७’ हे प्रथिन त्याला जखडून दार उघडते. अशा अवेळी विभाजनाची चाहूल ‘पी-५३’ या दुसऱ्या प्रथिनाला लागते. एरवी ते पेशीला थांबविते किंवा आत्मनाशास लावते. विषाणूचे ‘ई-६’ पेशीच्याच विल्हेवाट यंत्रणेकरवी त्याचा नाश घडविते. कडी निघाली आणि पहारेकरीही गेला.

कर्करोग घडविणे हे विषाणूच्या हिताचे नाही. तो एक अपघात आहे. पुष्कळदा विषाणूचे जनुकीय द्रव्य तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकते, ई-६ व ई-७ यांवरील अंकुश सुटतो, आणि दुरुस्तीविना विभाजत राहिलेल्या पेशींत दोष साचत जातात. यास सामान्यतः दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

हाच काळ आपल्या हाती असतो. तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ग्रामीण भागात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष सन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले; नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. चाचणीत विषाणू न आढळलेल्या स्त्रियांपैकी त्या काळात एकीचाही या रोगाने मृत्यू झाला नाही.

पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची लस सन २०२३ पासून उपलब्ध आहे. ती नवी बाधा टाळते, आधीच वस्तीस असलेल्या विषाणूस हुसकावीत नाही. म्हणून ती कन्येस किशोरवयातच द्यावी, आणि तिशी ओलांडलेल्या तिच्या मातेने स्वतःची चाचणी करून घ्यावी.